अग्रतैनात मरीन दले आणि प्रादेशिक सागरी सुरक्षा : ओकिनावाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सागरी सुरक्षेवरील लेखनात 'उपस्थिती' हा शब्द बहुधा पुराव्याशिवाय स्वीकारला जातो. एखाद्या समुद्रात महासत्तेचे सैन्य कायम तैनात असते, त्या समुद्रात मोठे युद्ध होत नाही, आणि मग युद्ध होत नाही ते या सैन्यामुळेच, असे अनुमान काढले जाते. धूर दिसला म्हणजे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान न्यायशास्त्राला मान्य आहे; अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे मान्य नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. सैन्य आहे म्हणून सुरक्षा आहे, हे अनुमान दुसऱ्या जातीचे आहे आणि म्हणूनच ते तपासून घेण्याची गरज आहे.

अशा तपासणीसाठी अमेरिकेच्या मरीन दलाचे ओकिनावा बेटावरील वास्तव्य हे सर्वांत योग्य उदाहरण ठरते. आपल्या देशापासून दूर, कायमस्वरूपी आघाडीवर ठेवलेल्या अशा दलाला येथे 'अग्रतैनात' म्हटले आहे. अमेरिकेच्या तीन मरीन एक्सपिडिशनरी फोर्सपैकी तिसरी, आणि केवळ तिसरीच, देशाबाहेर कायम ठाण मांडून आहे. तिचे मुख्यालय ओकिनावातील कॅम्प कोर्टनी येथे आहे. जपानच्या एकूण भूमीपैकी केवळ ०.६ टक्के भूमी या प्रांताच्या वाट्याला आली आहे. परंतु जपानमधील निव्वळ अमेरिकी वापराच्या लष्करी क्षेत्रापैकी सुमारे ७० टक्के क्षेत्र येथे आहे. या दलाच्या समर्थनार्थ भूगोल, आपत्ती निवारण आणि प्रतिरोधन अशी तीन कारणे वारंवार दिली जातात. प्रस्तुत लेखात या तीनही कारणांची, तसेच मार्च २०२० मधील 'फोर्स डिझाइन २०३०' आणि डिसेंबर २०२१ मधील 'अ कन्सेप्ट फॉर स्टँड-इन फोर्सेस' या मरीन दलाच्याच दोन दस्तऐवजांतील भूमिकेची चिकित्सा केली आहे.

भूगोलाचा दाखला

ओकिनावाच्या नाहा शहरापासून तैपेई सुमारे साडेसहाशे किलोमीटरवर आहे, तर टोकियो त्याच्या दुपटीहून अधिक अंतरावर. नकाशा पाहणाऱ्या कोणालाही या बेटाचे सामरिक महत्त्व पटावे, असेच हे स्थान आहे. परंतु मरीन दल येथे आले ते नकाशा पाहून नव्हे.

तिसरी मरीन डिव्हिजन १९५३ साली जपानच्या मुख्य भूमीवर, गिफू आणि यामानाशी या प्रांतांतील तळांवर उतरली होती. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकात तळविरोधी आंदोलने वाढली. त्या वेळी ओकिनावा जपानी शासनाच्या नव्हे, अमेरिकी लष्करी प्रशासनाच्या ताब्यात होते आणि ते १५ मे १९७२ पर्यंत तसेच राहिले. १९५० च्या दशकाच्या मध्यास डिव्हिजन ओकिनावात हलविण्यात आली. येथील शेतजमिनी ज्या रीतीने घेण्यात आल्या, तिचे वर्णन ओकिनावाचे लोक आजही 'संगिनी आणि बुलडोझर' या दोन शब्दांत करतात. मुख्य भूमीवरच्या मतदाराला जे नको होते, ते ज्यांना मत नव्हते त्यांच्याकडे गेले. त्या काळी शत्रू कोरियन द्वीपकल्पात होता. आणि कोरियाच्या दृष्टीने पाहता हे स्थलांतर दलाला रणभूमीच्या जवळ नव्हे, तर दूर नेणारे होते.

पुढे कारणे बदलत गेली. १९६५ मध्ये हीच डिव्हिजन व्हिएतनामला गेली आणि १९६९ मध्ये परतली. त्यानंतर सोव्हिएत संघ, शीतयुद्धानंतर उत्तर कोरिया, मग आपत्ती निवारण आणि आता चीन असा हा क्रम आहे. प्रत्येक नव्या कारणाबरोबर बेटाचे स्थान 'अपरिहार्य' असल्याचे नव्याने सिद्ध करण्यात आले.

या अपरिहार्यतेविषयी खुद्द जपानी राज्यकर्त्यांनी दिलेल्या दोन कबुल्या महत्त्वाच्या आहेत. फुतेन्मा येथील मरीन हवाई तळ निदान प्रांताबाहेर तरी नेऊ, असे आश्वासन देऊन २००९ साली सत्तेवर आलेले पंतप्रधान युकिओ हातोयामा यांनी २०१० मध्ये माघार घेतली आणि त्यासाठी मरीन दलाच्या प्रतिरोधक शक्तीचे कारण पुढे केले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना पद सोडावे लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये मुलाखतीत बोलताना, हे कारण म्हणजे एक सोयीचा आधार होता, अशा आशयाची कबुली त्यांनी दिली. दुसरी कबुली अधिक जाणत्या व्यक्तीची आहे. संरक्षणमंत्री सातोशी मोरिमोतो हे मूळचे सुरक्षा विषयाचे अभ्यासक. पद सोडण्याच्या सुमारास, डिसेंबर २०१२ मध्ये, लष्करी दृष्टीने हा तळ ओकिनावातच असला पाहिजे असे नाही, परंतु राजकीय दृष्ट्या ओकिनावा हेच योग्य ठिकाण आहे, असे त्यांनी पत्रकारांना सांगितले.

अर्थात, एखाद्या व्यवस्थेचा उगम सदोष होता म्हणून तिचा आजचा उपयोग शून्य आहे असे म्हणणे हाही एक हेत्वाभासच होय. १९५६ साली जे चुकीच्या कारणाने केले, ते आज योग्य कारणाने टिकवता येऊ शकते. ओकिनावाच्या बाजूने लिहिणाऱ्या अनेक अभ्यासकांकडून हा विवेक सुटतो. ते तळाचा इतिहास सांगतात आणि इतिहासालाच निकाल समजतात. म्हणून आजच्या उपयोगाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

नौकांवाचून मरीन

मरीन सैनिक हा समुद्रातून जमिनीवर उतरणारा सैनिक आहे. त्याचे सामर्थ्य त्याला वाहून नेणाऱ्या नौकेत असते. ओकिनावातील ३१व्या मरीन एक्सपिडिशनरी युनिटमध्ये सुमारे २२०० सैनिक असतात आणि अमेरिकेचे कायम अग्रतैनात असलेले हे एकमेव युनिट आहे. मात्र त्याच्या उभयचर युद्धनौका ओकिनावात नसतात. त्या नागासाकी प्रांतातील सासेबो बंदरात, म्हणजे सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेस असतात. एखादे संकट उद्भवले तर नौका प्रथम सासेबोहून ओकिनावास येणार, सैनिक व सामग्री चढविणार आणि मग संकटस्थळी जाणार. ओकिनावाच्या स्थानामुळे वाचलेले अंतर या फेरीत बऱ्याच अंशी खर्ची पडते. मायकेल ओ'हॅन्लन आणि माइक मोचिझुकी या अभ्यासकांनी २०११ मध्ये सैनिकांचा मोठा भाग अमेरिकेत परत नेऊन त्यांची सामग्री जपानलगतच्या साठवण-नौकांवर ठेवण्याचा पर्याय मांडला होता, तो याच तर्काने. हेलिकॉप्टर व ऑस्प्रे विमाने थेट उडू शकतात हे खरे. परंतु त्यांच्यातून जाते ते छोटे पथक, संपूर्ण युनिट नव्हे.

या नौकांची अवस्थाही चांगली नाही. उभयचर युद्धनौका ३१ पेक्षा कमी असू नयेत, असे अमेरिकी काँग्रेसने २०२३ या आर्थिक वर्षासाठीच्या संरक्षण कायद्यात बजावले. डिसेंबर २०२४ मध्ये काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने ताफ्यातील ३२ नौकांपैकी १६ नौकांची स्थिती असमाधानकारक असल्याचे नोंदविले. संख्या कायद्यात बसते, निम्म्या नौका मात्र भरवशाच्या नाहीत. अग्रतैनातीवरील चर्चेत सैनिकांची संख्या आणि तळांचे क्षेत्रफळ यांविषयी पाने भरतात. नौकांच्या डागडुजीविषयी फार थोडे लिहिले जाते. कदाचित गोदीतले काम कोणत्याही नकाशावर दाखविता येत नसल्यामुळे असे होत असावे.

२००४ हे वर्ष या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ३१वे युनिट इराकला जाण्याच्या तयारीत होते. १३ ऑगस्ट रोजी फुतेन्मा तळावरील मरीन दलाचे एक सीएच-५३डी हेलिकॉप्टर तळाला लागूनच असलेल्या ओकिनावा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या आवारात, प्रशासकीय इमारतीवर कोसळले. सुट्टीचे दिवस असल्यामुळे विद्यापीठातील कोणी दगावले नाही. हेलिकॉप्टरमधील तिघे जखमी झाले. त्यानंतर अमेरिकी सैनिकांनी परिसर ताब्यात घेतला आणि जपानी पोलिसांनाही अपघातस्थळी तपास करू दिला नाही. विद्यापीठाच्या आवारात विद्यापीठालाच प्रवेश नाही, या स्थितीचा अर्थ महाविद्यालयीन शिक्षकांना वेगळा समजावून सांगावयास नको. काही दिवसांतच युनिट इराकला रवाना झाले आणि नोव्हेंबरमध्ये त्याची मुख्य पायदळ तुकडी फलुजाच्या लढाईत उतरली. म्हणजे पूर्व आशियाच्या सागरी सुरक्षेसाठी अपरिहार्य म्हणून राखलेले दल त्या वर्षी वाळवंटातील एका शहरात, घरोघरच्या झडतीच्या लढाईत गुंतले होते. त्या काळात पूर्व आशियाची सागरी सुरक्षा कोलमडली, असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही.

आणि त्याच काळात, २६ डिसेंबर २००४ रोजी, त्सुनामी आली.

आपत्ती निवारणाची बाजू

त्सुनामीनंतरच्या अमेरिकी मदतकार्याचे नेतृत्व ओकिनावातील तिसऱ्या मरीन एक्सपिडिशनरी फोर्सचे प्रमुख लेफ्टनंट जनरल रॉबर्ट ब्लॅकमन यांच्याकडे होते. त्यांचे मुख्यालय थायलंडमधील उतापाओ येथे उभारण्यात आले. त्यामुळे समर्थकांच्या लेखनात हे मदतकार्य अग्रतैनातीचे यश म्हणून नोंदविले जाते. यातील खरा भाग नाकारता येणार नाही. नियोजन करणारे, विभागाची माहिती असलेले आणि यजमान देशांतील अधिकाऱ्यांशी पूर्वपरिचय असलेले मुख्यालय जवळ असणे ही मोठीच सोय होती. परंतु सुमात्राच्या उद्ध्वस्त किनाऱ्यावर अन्न आणि पाणी पोहोचविले ते प्रामुख्याने 'अब्राहम लिंकन' या विमानवाहू नौकेवरील हेलिकॉप्टरांनी आणि कॅलिफोर्नियाहून निघालेल्या 'बॉनोम रिशार' या नौकेवरील १५व्या युनिटने. ओकिनावाचे स्वतःचे युनिट इराकमध्येच होते.

या प्रसंगात भारताचाही संबंध येतो आणि तो केवळ ओझरता नाही. स्वतःचा किनारा आणि अंदमान-निकोबार बेटे उद्ध्वस्त झालेली असताना भारतीय नौदलाने पहिल्या काही दिवसांतच श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियापर्यंत नौका पाठविल्या. परभूमीवर एकही तळ नसलेल्या नौदलाने हे साधले. त्याच आपत्तीत कार निकोबार येथील हवाई दलाचा तळ लाटेखाली गेला आणि शंभराहून अधिक कर्मचारी व कुटुंबीय मृत्युमुखी पडले. आघाडीवरचे बेट पहिला पहारेकरी असते तसे पहिला बळीही ठरू शकते. यासाठी शत्रूची गरज नसते.

याच्या उलट जाणारा दाखलाही नोंदविला पाहिजे. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळ फिलिपीन्सवर आदळले. दोन-तीन दिवसांतच ओकिनावाहून ब्रिगेडिअर जनरल पॉल केनेडी यांच्या नेतृत्वाखाली मरीन तेथे पोहोचले. केसी-१३० वाहतूक विमाने आणि फुतेन्मावरील ऑस्प्रे विमाने कामास लागली. २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतरही ओकिनावाहून पथके गेली. तेथे १२ मे रोजी सहा मरीन आणि दोन नेपाळी सैनिक हेलिकॉप्टर अपघातात मरण पावले. या माणसांचे काम प्रचार म्हणून उडवून लावणे अनुचित होईल. हैयानच्या वेळी बेट खरोखरच उपयोगी पडले. मात्र उपयोगी काय पडले, हे नेमकेपणाने सांगितले पाहिजे. उपयोगी पडली ती दूर पल्ल्याची विमाने आणि सज्ज मुख्यालय. त्यासाठी हजारो पायदळ सैनिक, तोफखाना आणि सरावाची जंगले लागत नाहीत. २०११ च्या पूर्व जपानमधील भूकंपाच्या वेळी तर ३१वे युनिट आग्नेय आशियात होते आणि तेथून त्याच्या नौकांना उत्तरेकडे यावे लागले. अग्रतैनात दल आपल्या तळावर असेलच असे नाही, किंबहुना ते तेथे नसणे हीच त्याची कार्यपद्धती आहे.

(ऑस्ट्रेलियातील डार्विन येथे २०१२ पासून मरीन आळीपाळीने जातात. त्यांचे तेथील वास्तव्य साधारणपणे एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूत असते. चक्रीवादळे येतात ती उरलेल्या महिन्यांत. आपत्ती निवारणाचा युक्तिवाद करणाऱ्यांनी हे वेळापत्रक नजरेआड केलेले दिसते.)

रोजचा समुद्र

प्रादेशिक सागरी सुरक्षेचा सर्वांत मोठा भाग युद्धाचा नसतो आणि आपत्तीचाही नसतो. मासेमारीचे वाद, गस्त, पाठलाग, पाण्याचे फवारे, नौकेला नौका घासणे असा तो रोजचा असतो. जपानने सप्टेंबर २०१२ मध्ये सेन्काकू बेटांपैकी तीन बेटे खाजगी मालकाकडून विकत घेतली. त्यानंतर चीनची सरकारी जहाजे त्या बेटांलगतच्या पाण्यात जवळजवळ नित्याची झाली. ही बेटे ओकिनावा प्रांतातच मोडतात आणि तिसरी मरीन एक्सपिडिशनरी फोर्स त्याच प्रांतात आहे. तरीही त्या जहाजांना सामोरे जाते ते जपानचे तटरक्षक दल. त्याच वर्षी फिलिपीन्सच्या हातून स्कारबरो शोल गेले. तेथेही तोफेचा आवाज झाला नाही. ज्या प्रकारच्या दबावाने गेल्या काही दशकांत या समुद्रातील स्थिती प्रत्यक्षात बदलली, त्याच्यापुढे मरीन सैनिकाला करण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते.

समर्थकांचे येथे एक बळकट उत्तर आहे. फिलिपीन्सच्या सेनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये तळांचा करार नाकारला, नोव्हेंबर १९९२ मध्ये अमेरिकेने सुबिक सोडले आणि १९९५ मध्ये मिसचीफ रीफवर चिनी बांधकामे दिसली. सैन्य गेले आणि पोकळी निर्माण झाली, असा हा तर्क आहे. कालक्रम खरा आहे. परंतु सुबिक हा नौदलाचा तळ होता आणि तेथून गेल्या त्या प्रामुख्याने युद्धनौका व त्यांच्या दुरुस्तीच्या सोयी. या उदाहरणाने काही सिद्ध होत असेल तर ते नौकांचे महत्त्व. जमिनीवरच्या मरीन छावण्यांचे नव्हे. मोठ्या युद्धाची भीती या भागात टिकून आहे आणि तिला अमेरिकी सामर्थ्याचा आधार आहे, हेही नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्या सामर्थ्यात योकोसुका येथील सातव्या आरमाराचा, पाणबुड्यांचा आणि ओकिनावातीलच कादेना हवाई तळाचा वाटा किती आणि मरीन छावण्यांचा किती, ही वाटणी समर्थक कधी करून दाखवीत नाहीत. 'अमेरिकी उपस्थिती' या एका शब्दात सर्व काही बांधले की प्रत्येक गाठोडे सारखेच जड भासते.

नवा सिद्धान्त आणि त्याची अंतर्गत विसंगती

या पार्श्वभूमीवर जनरल डेव्हिड बर्गर यांनी २०१९ मध्ये मरीन दलाचे प्रमुखपद स्वीकारल्यावर जे बदल सुरू केले, ते प्रामाणिकपणाच्या दृष्टीने दाद देण्याजोगे आहेत. मोठ्या संख्येने किनाऱ्यावर चढाई करणे ही दुसऱ्या महायुद्धातील पद्धत चिनी क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात टिकणार नाही, हे त्यांनी उघडपणे मांडले. 'फोर्स डिझाइन २०३०' नुसार मरीन दलाने आपले सर्व रणगाडे सोडून दिले. माजी सेनाधिकाऱ्यांपैकी अनेकांनी यावर कडक टीका केली. पॉल व्हॅन रायपर आणि चार्ल्स क्रुलाक ही त्यांतील ठळक नावे. परंतु आपल्याच संस्थेच्या अभिमानाच्या वस्तूंना हात घालण्याचे धैर्य संरक्षण खात्यांत क्वचितच दिसते.

'स्टँड-इन फोर्सेस' या संकल्पनेचे सार असे : लहान, सहज हलणारी, शत्रूच्या संवेदकांना सापडण्यास कठीण अशी पथके शत्रूच्या माऱ्याच्या आतच, बेटाबेटांवर राहतील, टेहळणी करतील, माहिती पुरवतील आणि वेळ पडल्यास जहाजांवर क्षेपणास्त्रे डागतील. यासाठी मरीन लिटोरल रेजिमेंट हा नवा घटक तयार झाला. हवाईतील तिसरी रेजिमेंट मार्च २०२२ मध्ये, तर ओकिनावातील बारावी नोव्हेंबर २०२३ मध्ये या स्वरूपात आली. तिचे मुख्य शस्त्र म्हणजे मानवरहित वाहनावर बसविलेले, सुमारे १८५ किलोमीटर पल्ल्याचे जहाजविरोधी क्षेपणास्त्र. २०२५ च्या बालिकातान सरावात ते तैवानच्या दक्षिणेकडील, फिलिपीन्सच्या बातानेस बेटांवर नेण्यात आले होते.

नौदलाची सामुद्रधुनी अडविण्याच्या दृष्टीने ही कल्पना सुसंगत आहे आणि मागील सर्व कारणांपेक्षा ती अधिक 'सागरी' आहे. परंतु तिला मान्यता देताच ओकिनावातील जुन्या व्यवस्थेचा पाया ढासळतो. स्थिर, मोठे, सर्वांना ठाऊक असलेले तळ क्षेपणास्त्रांपुढे टिकत नाहीत, हे या संकल्पनेचे गृहीतकच आहे. असे असता त्याच दलासाठी त्याच बेटावर काय बांधले जात आहे ? १९९५ साली तिघा अमेरिकी सैनिकांनी, ज्यांत दोन मरीन होते, एका बारा वर्षांच्या मुलीवर अत्याचार केल्यानंतर जो जनक्षोभ उसळला, त्यातून १९९६ मध्ये फुतेन्मा तळ पाच ते सात वर्षांत परत करण्याचे ठरले. अट एवढीच, की बदली तळ मिळावा. तो हेनोको येथे समुद्रात भराव टाकून बांधला जात आहे. सुमारे १८०० मीटरच्या, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या दोन धावपट्ट्या तेथे होणार आहेत. ओउरा उपसागराचा तळ मऊ गाळाचा निघाल्याने तो घट्ट करण्यासाठी सुमारे ७० हजार खांब रोवावे लागणार आहेत. जपान सरकारनेच डिसेंबर २०१९ मध्ये एकूण खर्च ९३० अब्ज येन आणि पुढील कालावधी सुमारे १२ वर्षे असा अंदाज दिला. प्रांताने परवानगी नाकारल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयीन निकालाच्या आधारे केंद्राने स्वतःच मंजुरी दिली आणि जानेवारी २०२४ मध्ये त्या भागातील काम सुरू झाले.

सिद्धान्त सांगतो : विखुरलेले राहा, हलते राहा, दिसू नका. बांधकाम सांगते : एका जागी, सिमेंटमध्ये, समुद्रातून उभे राहा. या दोहोंचा मेळ घालण्याचा गंभीर प्रयत्न मरीन दलाच्या दस्तऐवजांत नाही, जपानच्या संरक्षण धोरणावरील बहुतेक लेखनातही नाही. याउलट, विखुरलेल्या पथकांना बेटांदरम्यान नेणाऱ्या मध्यम आकाराच्या उतरण-नौकांची बांधणी मात्र वर्षानुवर्षे रखडत गेली. जे सिद्धान्ताला हवे होते ते मागे पडले आणि जे त्याने निरुपयोगी ठरविले ते पुढे गेले. यावरून हेनोकोचा निर्णय सामरिक नसून करार पाळल्याचे दाखविण्याचा आहे, असे म्हणणे भाग पडते. मोरिमोतो यांचे २०१२ मधील वाक्य येथे पुन्हा आठवते.

बेटावरची माणसे

दस्तऐवजांतील आणखी एक उणीव शब्दसंग्रहाची आहे. यजमान देश, सहयोगी सैन्ये, भागीदारी यांचे उल्लेख त्यांत येतात; बेटावर राहणारा सामान्य नागरिक विवेचनाच्या केंद्राशी येत नाही. पथकाने 'दिसू नये' असे म्हणताना ते कोणाच्या शेतामागे, कोणाच्या शाळेजवळ लपणार, हा प्रश्न उरतोच. रिकाम्या बेटांवर युद्धे खेळण्याची मुभा केवळ नकाशालाच असते.

ओकिनावात हा प्रश्न काल्पनिक नाही. १९४५ च्या लढाईत येथील लोकसंख्येपैकी सुमारे एक चतुर्थांश माणसे मेली. त्यापूर्वी, २२ ऑगस्ट १९४४ रोजी, बेटावरून सुरक्षित स्थळी निघालेले 'त्सुशिमा मारू' हे जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडविले. मृतांची संख्या दीड हजाराच्या घरात होती आणि त्यांत शेकडो शाळकरी मुले होती. स्थलांतर या शब्दाला तेथे असा अर्थ आहे. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी हेनोकोच्या भरावावर सार्वमत झाले. ५२ टक्क्यांहून अधिक मतदान झाले आणि मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७२ टक्के लोकांनी विरोध नोंदविला. २०१८ मध्ये याच मुद्द्यावर राज्यपालपदी निवडून आलेले डेनी तामाकी हे एका अमेरिकी मरीनचे पुत्र आहेत. या विरोधाला अमेरिकाद्वेष असे सरसकट नाव देणाऱ्यांनी एवढी एक बाब तरी लक्षात घ्यावी.

सामरिक हिशेबातही या विरोधाला स्थान दिले पाहिजे, कारण अग्रतैनात दलाचे सामर्थ्य यजमानाच्या संमतीवर उभे असते. फिलिपीन्सच्या सेनेटने १९९१ मध्ये ती संमती काढून घेतली तेव्हा सुबिकच्या उत्तम गोद्या एका वर्षात रिकाम्या झाल्या. ओकिनावात प्रांताची संमती नाही, ती केंद्राची आहे. आणि युद्धकाळात रस्ते, बंदरे, इस्पितळे व पाणी या गोष्टी मात्र प्रांताच्याच हाती असतात.

दोन्ही सरकारांनी २०१२ मध्ये सुमारे ९००० मरीन ओकिनावाबाहेर हलविण्याचे मान्य केले. त्यांपैकी गुआमला जाणारी पहिली तुकडी डिसेंबर २०२४ मध्ये निघाली. ती सुमारे शंभर सैनिकांची होती. मार्च २०२५ मध्ये जपान सरकारने संकटकाळात साकिशिमा बेटांवरील रहिवासी व पर्यटक मिळून सुमारे १ लाख २० हजार लोकांना सहा दिवसांत जहाजांनी आणि विमानांनी क्युशू व यामागुची येथे नेण्याची योजना जाहीर केली. ओकिनावाचे मुख्य बेट या योजनेत नाही. प्रांताच्या सुमारे साडेचौदा लाख लोकांपैकी बहुसंख्य तेथे राहतात, कॅम्प कोर्टनी, फुतेन्मा आणि हेनोको तेथेच आहेत. तेथील नागरिकांनी घराच्या किंवा इमारतीच्या आत आश्रय घ्यावा, असे नियोजन आहे.